लिनक्स मंडळाचा एकुलता एक सभासद

"चोरीचं विंडोज, चोरीच्या सीड्या, आणि वर म्हणे लिनक्स अवघड!" विनीतने हातातला खडू टेबलावर टाकला. "चाचा, या गावाचं काही होणार नाही."

"नाही होणार," जैनुद्दीनचाचा म्हणाले.

"सिनेमा लागतो शुक्रवारी, सीडी मिळते शनिवारी. पडद्यावर पुढच्या रांगेतला माणूस मुतायला उठलेला दिसतो, आणि हे घरात पाय पसरून बघतात! चांगलं काही फुकट देतोय म्हटलं तर मात्र संशय."

"मग पुढे?" चाचांनी विचारलं.

मारुती आळीतल्या टायपिंग क्लासच्या त्या खोलीत दोघंच होते. बाकी अकरा खुर्च्या रिकाम्या. विनीतने रत्नागिरीत लिनक्स मंडळ काढलं त्याला या जून २००३ मध्ये दोन वर्षं पुरी झाली. कोणाच्या मालकीची नाही, कोणीही घ्यावी, उघडून बघावी, सुधारून दुसऱ्याला द्यावी, अशी ही लिनक्स नावाची कॉम्प्युटरची यंत्रणा. विनीत तिच्यावर जीव टाकून होता. पहिल्या रविवारी चौदा जण आले, चहा प्याले आणि "येतो हां" म्हणून गेले. रत्नागिरीत तोंडावर नाही कोणी म्हणत नाही. "येतो हां" म्हणायचं आणि पुन्हा फिरकायचं नाही. हे ज्याला कळत नाही त्याने इथे मंडळं काढू नयेत.

जैनुद्दीनचाचा तेवढे येत राहिले. पहिल्या दिवशी खरं तर ते भाचीच्या टायपिंगच्या सर्टिफिकेटची चौकशी करायला आले होते आणि फळा बघून बसले. बोटीवर इंजिनात बत्तीस वर्षं काढलेला माणूस, यंत्राची ओढ जायची नाही, असं विनीतने तेव्हाच ठरवून टाकलं. दर रविवारी चार वाजता चाचा भाट्याहून पूल ओलांडून येत, गुडघे धरत जिना चढत आणि पहिल्या खुर्चीवर बसत. विनीत बोलायचा. चाचा मध्येच "मग पुढे?" विचारायचे. असा ऐकणारा लाखात एक, असं विनीत सगळ्यांना सांगे.

पण आज तो थकला होता. अगदी आतून. आठवडाभर लोकांच्या मशिनींमधले व्हायरस काढायचे, पुन्हा तेच चोरीचं विंडोज घालून द्यायचं, आणि रविवारी त्याच विंडोजला शिव्या द्यायच्या. कसलं जिणं हे!

अंधेरीच्या एका कंपनीने त्याला बोलावलं होतं. काम दिवसभर लिनक्सचंच. भोवती त्यातलं कळणारी दहा माणसं. संध्याकाळी सातपर्यंत तिथल्या साहेबांच्या मोबाइलवर होकार कळवायचा होता. सकाळी आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, बजावलं होतं, "दोन वर्षं बोंबललास, कोणी ऐकलंन? आता देवानेच दार उघडलंन, तर जा मुकाट्याने."

"जातो," विनीत म्हणाला होता. आणि ते मनापासून होतं. फक्त चाचांना सांगायचं राहिलं होतं.

ते काही केल्या जमत नव्हतं. तो मालिकांवर घसरला. तीन वर्षं सासू सुनेला छळतेय, त्याचा कोणाला कंटाळा नाही, आणि माझ्या अर्ध्या तासाला जांभया! मग मोबाइलवर घसरला. आता म्हणे त्यात गाणी वाजतात. वाजवतील हो सगळे, पण ते वाजतं कसं हे एक जण विचारेल तर शपथ.

"मग पुढे?"

विनीत खुर्ची ओढून चाचांसमोर बसला.

"चाचा, एक बोलायचं होतं."

"मलाही," चाचा म्हणाले. "पण तू आधी बोल."

"समजा, हे मंडळ नसतं. मी नसतो इथे. तर तुम्ही रविवारी काय केलं असतंत?"

चाचा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. खाली रस्त्यावरून एसटी गेली.

"काय करणार मेल्या? बसलो असतो घरात भिंतीकडे बघत."

विनीतला भरून आलं. त्याने उगाचच चष्मा पुसला.

"तुम्ही काय सांगणार होतात?"

"कसलं काय! पुढच्या रविवारी जरा लवकर सुरू कर म्हणणार होतो." चाचा गुडघ्यांवर हात टेकून उठले. "येतो हां."

पावणेसातला विनीतने कोपऱ्यावरच्या बूथवरून साहेबांना फोन लावला. घरची अडचण आहे, जमणार नाही, म्हणाला. साहेबांनी दोनदा विचारलं, "नक्की?" दोन्ही वेळा तो "नक्की" म्हणाला. घरी आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. "एका म्हाताऱ्यासाठी?"

"त्यांना दुसरा विरंगुळा नाही, आप्पा," विनीत म्हणाला.

तिकडे भाट्यात चाचांची बायको खतिजाबी दारातच उभी होती. मागे दोन बॅगा बांधून तयार. बहारीनला लेक मनाल वाट बघत होती. तिचा मुलगा आठ महिन्यांचा झाला, आजी-आजोबांनी अजून त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

"सांगितलंत त्याला?"

"नाही."

"या अल्ला! तिसऱ्यांदा तिकीट पुढे ढकलायचं? त्या कॉम्प्युटरमधलं तुम्हाला कळतं तरी काय?"

"अक्षर कळत नाही गो. दोन वर्षं झाली, काय बोलतो ते अल्लाच जाणे. पण आज विचारतो कसा, मी नसतो तर तुम्ही काय केलं असतंत? तोंड एवढंसं झालं होतं पोराचं. कसं सांगू मी जातो म्हणून? माझ्याशिवाय तिथे कुत्रं फिरकत नाही."

खतिजाबी बॅगेवरच बसली. "मग असं कुठवर?"

"फार दिवस नाही," चाचा म्हणाले. "हुशार आहे तो. मुंबईची एखादी कंपनी बोलावेलच त्याला. तो गेला की दुसऱ्या दिवशी आपण निघू."