शालूचा हिरवा

दुकानदाराने आईबाबांच्या लग्नाचा फोटो दोन्ही संगणकांवर उघडला. मॅकवर आईचा शालू पोपटी दिसला, विंडोजवर शेवाळी. माझ्या फोटो स्टुडिओसाठी एकच संगणक घ्यायचा होता आणि रंग चुकून चालणार नव्हतं.

"बाबा, खरा रंग कुठला?"

मूळ कृष्णधवल फोटोत बाबांनीच ब्रशने रंग भरले होते. दोन्ही पडद्यांच्या उजेडात ते, तळ्यात वाकून बघावं तसे, पुढे वाकले.

"शालू जांभळा होता गं," ते हळूच म्हणाले. "तेव्हा माझ्याकडचा जांभळा संपला होता, म्हणून हिरवा भरला. पण तुझी आई तो फोटो बघून बघून शेवटपर्यंत सांगायची, लग्नात मी हिरवाच नेसले होते."

त्यांनी शेवाळी पदरावर बोट टेकवलं.

"हा घे. तिला हाच आठवायचा."