नवरदेवाचा लॉग

मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं उरलं असताना नवरदेव हँग झाला. सुहृदचे हात हारासकट हवेतच राहिले आणि कानामागून पंख्याची घरघर ऐकू यायला लागली.

"डोक्यातला सर्व्हर रीस्टार्ट करा," मामा म्हणाले. "आमच्या ऑफिसात प्रत्येक गोष्टीला तेच करतात."

सर्व्हर दुरुस्त करणाऱ्या ढमढेरेंनी सुहृदच्या कानामागे केबल लावली. "करतो की. पण शेवटचा बॅकअप आठ महिन्यांपूर्वीचा आहे, मुलगी बघायच्या आदल्या दिवशीचा. त्यानंतरचं सगळं जाईल, उठल्यावर नवरीला ओळखणार नाहीत."

नवरी केतकीने हातातला हार घट्ट धरला. "दादा, आधी लॉग तरी बघा!"

ढमढेरेंनी डोक्यातल्या नोंदींचा लॉग उघडला. डिस्क काठोकाठ भरली होती आणि चार लाख वेळा एकच ओळ होती: 'पोहे खाताना मुलगी हसली. कारण सापडलं नाही. पुन्हा शोधतो.'

"पुसलं तरी पुन्हा भरणार," ढमढेरे म्हणाले. "कारण मिळालं पाहिजे."

"मुहूर्ताला दोन मिनिटं आहेत," गुरुजींनी घड्याळ दाखवलं.

केतकीने अंतरपाट सरळ बाजूला केला. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. ती सुहृदच्या कानाशी वाकली. "अरे, तुझ्या मिशीला पोहा चिकटला होता. मला वाटलं, घरी गेल्यावर आरशात दिसेल."

घरघर थांबली. सुहृदने हात मोकळे करायला हार शेजारच्या मामांच्या गळ्यात अडकवला, आठ महिने उशिरा दोन्ही हातांनी मिशी पुसली आणि तिला हळूच विचारलं, "गेला?"