बदल झाला की कळवायचं

तामलवाडीच्या चाँदपाशाभाईंनी भाड्यानं चालवायला मोटार घेतली, तेव्हा विमा उतरवताना सोलापूरच्या कचेरीतल्या हिरेमठ साहेबांनी बजावलं होतं, "गाडीत किंवा ड्रायव्हरमध्ये काही बदल झाला, की लगेच कळवायचं."

भाईंनी ते फारच मनावर घेतलं. गाडीला हिरवा रंग दिला, चिंचेखालची गाडी पत्र्याच्या शेडखाली आली, मुलगा आयुब ती चालवू लागला. दर वेळी भाई स्वतः येऊन सांगून जात. "मागच्या सीटवर कोंबडीनं अंडं घातलं, तर तेही सांगायला याल तुम्ही," असं म्हणून हिरेमठ हसत.

त्या दुपारी मात्र भाई आले ते खुर्चीवर बसलेच नाहीत.

"ड्रायव्हरचं नाव बदलायचंय, साहेब."

"का हो? आयुब चांगला चालवतो की."

"इथं सरकारी दवाखान्यात होता. ताप उतरलाच न्हाय. सकाळी गेला. त्याचा मामा बसलाय त्याच्यापाशी."

हिरेमठ खुर्चीतून उठले. मग ते हळूच म्हणाले, "अहो भाई, हे महिन्यानं कळवलं असतं तरी चाललं असतं. आज आधी घरी जायचं."

भाईंनी डोक्यावरची टोपी नीट केली.



"तिकडंच निघालोय. त्याच्या आईला अजून ठाऊक न्हाय. म्हनलं, माझ्या तोंडातून निघतंय का, ते आधी तुमच्याफुडं बोलून बघावं."