मिस्सी

“तोंड उघडा, बाई. अजून मोठं,” डॉक्टर म्हणाले. सरवरीने नकाब जेमतेम नाकापर्यंत वर केला. वरचा, अगदी समोरचा दात. हिरडी टरारून फुगलेली. डॉक्टरांनी दातावर सळई हलकेच टेकवली, तशी तिने खुर्चीचा हात घट्ट आवळला. पण ओरडली नाही. ओरडायचं, रडायचं तिचं केव्हाच उरकून झालं होतं.

शेजारी सासरे उभे होते. गुलाम रसूल, रोहिणखेडचे पिंजारी. दाढीत अजून कापसाचे तंतू. सुनेचं कण्हणं ऐकवेना म्हणून गाडी जुंपून ते तिला बुलढाण्याला घेऊन आले होते. माणूस वाईट नव्हता. वेळ वाईट होती.

त्यांचा मुलगा हैदर पलटणीबरोबर ब्रह्मदेशाला गेला, तो गेलाच. लढाई संपली, आजूबाजूच्या गावांतली पोरं परतली. त्यांतल्याच एकाने सांगितलं, नदी उतरताना हैदर मागे राहिला. मयत कोणी पाहिली नाही. तरी सासूने, अजीजुन्निसाने, सुनेच्या बांगड्या फोडल्या आणि राखेने तिचे दात घासघासून मिस्सी काढली. मिस्सी म्हणजे लग्नात नवरीच्या दातांना लावायचं काळं चूर्ण. नवरा आहे तोवर बाईने ते मिरवायचं. तो गेला की दात पांढरे. सरवरी मानेना. तिने दोनदा चोरून मिस्सी लावली. दोन्ही वेळा सासूने राख घेतली आणि हिरड्या सोलवटेपर्यंत घासली. दुखणं लागलं ते तिथूनच.

“दोन गोष्टी करता येतात,” डॉक्टर म्हणाले. “एक तर उपटायचा. नाहीतर आतली नस काढून दात ठेवायचा. सुई देईन, फार दुखणार नाही. बारीक तारेने मुळातली नस ओढून काढायची, आत औषध भरायचं. तीन-चार खेपा होतील. नंतर एक-दोन दिवस ठणकेल, मग कायमचं थांबेल. दात मेलेला, पण जागेवर उभा राहील.”

“उपटा, साहेब,” गुलाम रसूल म्हणाले. “बेवा बाईले समोरच्या दाताची काय शोभा?”

डॉक्टर सरळ माणूस. लपवाछपवी त्यांना जमत नसे. “आणखी एक आधीच सांगतो, मागून मला बोल लावू नका. मेलेला दात हळूहळू काळा पडतो.”

“मंग त उपटाच.”

सरवरी खुर्चीत ताठ बसली.

“थो काळा रंग घासून निंघते काय, साहेब?”

“नाही, बाई. राखेने घासा, लिंबू चोळा. तो आतून काळा होतो. जन्मभर तसाच राहतो.”

गुलाम रसूलांनी सुनेकडे पाहिलं. मग भिंतीकडे. कमरेची पिशवी सोडून ते तीन-चार खेपांचे पैसे मोजू लागले.

सरवरीने नकाब पुरता मागे टाकला. न सांगता तोंड मोठं उघडलं. डॉक्टर सुई घेऊन वाकले, तोच तिने त्यांचा हात धरला.

“बाकीचे बी असेच मारून द्या ना, साहेब. सगळेच.”