परीक्षेची दाढ

त्या दिवशी मी जरा जास्तच मोठ्याने बोललो.

उमरेडहून एसटीने आलेल्या कौसल्याबाईंच्या दाढेतलं पांढरं सिमेंट काढलं, तर खालची दाढ पार पोखरलेली. हे सिमेंट भरताना दाढ अगदी कोरडी ठेवावी लागते. ज्याने भरलं, त्याने घाई केली होती. कडेला फट राहिली आणि चार वर्षं लाळ आत झिरपत राहिली.

"कोण्या डॉक्टरनं भरलं हे? अशाले त कॉलेजातच नापास कराले पाहिजे होतं! अन् एवढं दुखून राहिलं होतं, त दुसऱ्या कोणाले दाखवलं काहून नाही?"

बाहेर बसलेल्या पेशंटांनीही ऐकलं असेल. कौसल्याबाईंनी चूळ भरली, पदराने ओठ पुसले आणि हळूच म्हणाल्या,

"तुमीच त म्हटलं होतं जी, कॉलेजात परीक्षेसाठी मले खुर्चीवर बसवून दाढ भरली तवा. 'मावशी, दुखलं तरी कोणाले दाखवू नोका, मी नापास होईन.'"



मग त्याच पुढे म्हणाल्या, "आता लकडगंजात तुमचा बोर्ड दिसला, तवा समजलं पास झाले म्हून. मंग आली."