पेरीनच्या मुली

"पेरीनला मुली किती?" फादरनी विचारलं आणि लेखणी दौतीत बुडवली.

ओझितने मागे वळून पाहिलं नाही. मागच्या बाकावर बिबियान बसली होती, साक्षीदार म्हणून.

"एकच," ओझित म्हणाली. "रादगोंद. माझी आई."

मागचा बाक करकरला.

इंग्रजांनी या सगळ्यांना समुद्रापलीकडच्या त्यांच्या गावांतून उठवून जहाजांत भरलं, त्याला आता अठरा वर्षं झाली होती. गावागावांतली जन्म-लग्नाची पुस्तकं तिकडेच राहिली. त्यामुळे इथे, बेल-ईल बेटावर, त्यांच्यात लग्न ठरलं की एखाद्या म्हाताऱ्या माणसाने शपथेवर कूळ सांगायचं, दुसऱ्याने साक्ष द्यायची आणि फादरनी लिहून घ्यायचं. चार पिढ्यांच्या आत दोघांचा पूर्वज एक निघाला, तर कागद बिशपकडे जायचा. मागच्या वर्षी असा एक कागद गेला होता. बिशपनी नकार दिला. ती मुलगी अजून बापाच्या घरी जाळी विणत बसली होती.

आज ओझितच्या नातीचं, लूसचं कूळ लिहायचं होतं. मुलगा युस्ताश. त्याचे आईबाप इंग्लंडमधल्या कोंडवाड्यात देवीच्या साथीत गेले. त्याला आजीचं नाव तेवढं ठाऊक, मार्ग्रीत. ही मार्ग्रीत काथ्रीनची मुलगी आणि काथ्रीन म्हणजे पेरीनची धाकटी, हे साऱ्या बेटावर दोघींनाच माहीत होतं. ओझितला, आणि लहानपणी मार्ग्रीतच्या शेजारी राहिलेल्या बिबियानला.

बिबियान शपथेवर कधी खोटं बोलली नव्हती. एकदा तर तिने सख्ख्या दिराविरुद्ध साक्ष दिली होती. सकाळी वाटेत ओझितने दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला आणि दोनदा गिळला. बिबियान आपली पुढे चाललेल्या लूसकडे बघत थट्टा करत होती.

"तुझं नाक नाही घेतलं पोरीने, हे बरं झालं. नाहीतर युस्ताशला पाप घ्यायला दोन हात लांब उभं राहावं लागलं असतं."

"पाप घ्यायला नाही, पापा घ्यायला," लूस मागे न बघता म्हणाली.

"आगाऊ कुठली."

आता फादर पुढचं विचारत होते. पेरीन कुठून आली, केव्हा आली.

इथे ओझितचा आवाज मोकळा झाला. हे सगळं खरं होतं. एकोणीस वर्षांची पेरीन समुद्रापलीकडे तिकडे जहाजातून उतरली तेव्हा तिच्याजवळ एक तांब्याचं पातेलं आणि कोबीचं बियाणं होतं. नवऱ्याने खाजणात बांध घातला, समुद्राकडून जमीन काढून घेतली. तिसऱ्या वर्षी उधाणाने बांध फोडला आणि नवरा वाहून गेला. पेरीनने चिखलात कुदळ शोधली आणि शेजाऱ्यांना घेऊन ओहोटी संपायच्या आत भगदाड बुजवलं. मग दुसरं लग्न केलं, सफरचंदाची झाडं लावली. ऐंशीव्या वर्षी ती दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्या पोराला त्याचं कूळ ऐकवायची. लहानपणी ओझितही तिच्या मांडीवर बसली होती. त्या मांडीला खारट गवताचा वास यायचा.

"आपलं माणूस मोजायचं राहिलं, तर ते दुसऱ्यांदा मरतं," पेरीन म्हणायची.

ओझितने शालीत हात लपवले.

"बिबियानबाई," फादरनी मान वर केली, "हे असंच आहे? शपथेवर?"

कुठेतरी बाहेर कोणीतरी होडीला डांबर लावत होतं. त्याचा वास आत येत होता.

"असंच आहे, फादर," बिबियान म्हणाली. "पेरीनला एकच मुलगी."

"मग अडसर नाही. रविवारी प्रार्थनेनंतर जाहीर करतो."

दोघींनी नावाच्या जागी फुली काढली. ओझितची फुली वाकडी आली.

बाहेर लूस धावत आली, दोघींचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता युस्ताशला सांगायला धक्क्याकडे पळाली.

"का केलंस असं?" ओझितने विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरं केलं. तुझा आवाज शेळीसारखा कापत होता."

"बिबियान, खरं सांग."

बिबियान चर्चच्या पायरीवर बसली. लाकडी बूट काढून तिने त्यातली वाळू झटकली.

"आम्हाला किनाऱ्यावर आणलं ना, त्या दिवशी गर्दीत माझी पोरगी, दोरोते, हातातून सुटली. दोन वर्षांची होती. मला एका जहाजात घातलं, ती कुठे गेली, बुडाली की काय, कोण सांगणार? आज वीस वर्षांची असती. तिच्या लग्नात मला मिरवायला मिळायचं नाही. म्हटलं, कुणाच्या तरी लेकीसाठी एक पाप करावं. लग्नाच्या दिवशी लूसच्या डोक्यावर नवरीची टोपी मला बांधू देशील?"

"बांध," ओझित म्हणाली.

"तू का रडतेस आता? झालं ना मनासारखं."

ओझितने मान हलवली. सहा वर्षांपूर्वी बिबियान बेटावर उतरली, तेव्हाच ओझितने तिचा आवाज ओळखला होता. जहाजांत भरलं त्या दिवशी किनाऱ्यावरून तो होडीच्या मागे मागे येत होता, दोरोते, दोरोते. होडीत ओझितची मुलगी बसली होती, आठ दिवसांपूर्वी आपली लहानगी लूस पुरून आलेली; आणि तिच्या शालीखालच्या परक्या पोरीच्या तोंडावर ओझितने हात दाबून धरला होता.