नमुना क्रमांक सत्तेचाळीस

"पहिल्यांदा अकरा, आता बारा," डॉक्टर मंजुषा म्हणाल्या. "बाकी एकशे एकोणीस जणांत साठाच्या खाली कुणी नाही. बोरस्ते, खरं सांगा. मन शांत ठेवायची कुठली गोळी चालू आहे? त्या गोळ्यांनी माणूस निवतो, पण रक्तातला हा आकडा तळाला जातो."

धनराज बोरस्तेनं रिपोर्ट उजेडाला धरून पाहिला. अंबडच्या कारखान्यात तो वीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होता. दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर त्यानं कधी विश्वास ठेवला नव्हता, आणि बिघडलेल्या पीसला लाल रंग फासल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. निरोगी माणसाच्या रक्तात सेरोटोनिन किती असतं ते मेडिकल कॉलेजला ठरवायचं होतं, म्हणून कंपनीतून अठरा जण आले होते. धनराजला तेव्हाच वास आला होता. आजाऱ्याचं रक्त घेतात हे ठीक, धडधाकट माणसाचं कशाला? तरी तो आला, कारण ज्याचे पीस तो रोज नापास करी तो मशीनवरचा सावळीराम येणार होता. आता सतरा जण पास झाले होते. जिना चढताना धापा टाकणारा सावळीरामही. धनराजचा पहिला अकरा कळला तेव्हा गेटवर तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "काय साहेब, लाल रंग आणू का?"

म्हणून दुसऱ्या वेळी धनराजनं बंदोबस्त केला. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावलं. नळीवर सही ठोकली, सहीचा मोबाइलवर फोटो काढला. तीन दिवस केळी आणि टोमॅटो खायचे नाहीत अशी सूचना होती. तो भाजीच्या गाडीजवळूनसुद्धा गेला नाही.

"गोळी?" तो शांतपणे म्हणाला. "निफाडला मेव्हण्याचं मेडिकल आहे. त्याच्याकडून डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही मी. आत काय भरलंय कुणी पाहिलंय?"

आपण शांतपणे बोललो, हे त्याचं त्यालाच आवडलं. वर्षापूर्वी हे टेबल उलटं झालं असतं. तेव्हा आमटीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर जाई. घरातल्या एकाही ताटाचा काठ सरळ उरला नव्हता. मग इगतपुरीला दहा दिवस मौन पाळून आला आणि माणूसच बदलला. निदान तो तसं भेटेल त्याला सांगे. बायकोही बदलली होती. पूर्वी चहा त्याचा त्यानं करून घ्यायचा. आता संध्या रोज सकाळी त्याच्या हातात कप आणून देई आणि कपाचा तळ दिसेपर्यंत समोर उभी राही. चहा जरा कडवट लागे. पण मौन पाळून आलेला माणूस चवीवरून बोलत नाही.

आज साक्षीदार म्हणून त्यानं तिलाच आणलं होतं.

"ताई, हे गोळ्या घेतात?"

"छे हो!" संध्या पर्सची चेन उघडत-लावत म्हणाली. "गोळी दिसली की हात झटकतात. देवाशपथ."

डॉक्टरांचा विश्वास बसलेला दिसला नाही. निरोगी माणसांची यादी त्यांनी पुढ्यात ओढली. सत्तेचाळिसाव्या नावावर लाल पेन आलं.

वीस वर्षांत धनराजनं लाल रंग कधी या बाजूनं पाहिला नव्हता.

"थांबा मॅडम. महिनाभर मला तुमच्या वॉर्डात ठेवा. रजा आहे माझी शिल्लक. जेवण तुमचं, पाणी तुमचं, दाराशी तुमचा माणूस. मग काढा रक्त. तेव्हाही बाराच आला, तर मी खोटारडा. कंपनीत जाऊन सांगा."

डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं. "चालेल. उद्यापासून या."

पर्सची चेन मध्येच अडकली. संध्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. महिनाभर आपल्यावाचून राहायचं म्हणून बिचारीला भरून आलं, हे धनराजनं तेवढ्यात ओळखलं. जगात एक तरी माणूस विनासंशय आपलं आहे, असं त्याला वाटून गेलं.

"ठेवा ना मॅडम, अवश्य ठेवा," संध्या घाईघाईनं म्हणाली. "जेवण तुमचंच द्या. फक्त सकाळचा चहा मी घरून आणत जाईन."